यूका-लिक्षा चिकित्सेत अपकर्षणाचे स्थान

बालकांच्या केसांतील उवा व लिखा हा विषय आपल्या व्यवसायात बहुधा दुय्यम समजला जातो. ज्वर, कास, अतिसार यांच्या तक्रारी सांगून झाल्यावर माता उठता उठता या त्रासाविषयी विचारते आणि वैद्य अथवा औषधविक्रेता एखाद्या तेलाची बाटली देऊन मोकळा होतो. दोन-तीन आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा येते. मग तेल बदलले जाते, पुढे घरीच रॉकेल किंवा सीताफळाच्या बियांची पूड वापरली जाते आणि अखेरीस मुलीचे केस कापले जातात. द्रव्य बदलूनही अपयश का येते, शास्त्रोक्त चिकित्सासूत्राचा क्रम काय सुचवितो आणि बाटलीबरोबर रुग्णाच्या हाती आणखी काय द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथोक्त विवेचन

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमींचे मलज, शोणितज, श्लेष्मज व पुरीषज असे चार प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी बाह्यमलज कृमींत यूका व पिपीलिका यांचा अंतर्भाव होतो. केस, श्मश्रू, रोम, पक्ष्म व वस्त्र ही त्यांची स्थाने. सूक्ष्म, तिलाकृती व बहुपाद असे त्यांचे स्वरूप. कृष्ण व शुक्ल हे वर्ण. आणि कंडू, कोठ व पीडिका उत्पन्न करणे हा त्यांचा प्रभाव होय. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात चौदाव्या अध्यायात यूका व लिक्षा ही नावे स्पष्टपणे दिली आहेत. आपल्या बोलीतील ऊ व लीख हे शब्द याच नामांपासून आलेले आहेत.

यूकांच्या चिकित्सेसाठी चरकाचार्यांनी तीन उपक्रम सांगितले आहेत : अपकर्षण, मलोपघात आणि मल उत्पन्न करणाऱ्या भावांचे अनुपसेवन. यांत अपकर्षण, म्हणजे कृमींना प्रत्यक्ष ओढून बाहेर काढणे, हा उपक्रम प्रथम येतो. याच अध्यायात सर्व कृमींसाठी जे सामान्य सूत्र दिले आहे, तेथेही अपकर्षण प्रथम, प्रकृतिविघात त्यानंतर आणि निदानवर्जन शेवटी असा क्रम आहे. जे कृमी दिसतात ते हाताने अथवा उपकरणाच्या साहाय्याने काढावेत असा तेथील आशय आहे. सुश्रुताचार्यांनीही चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात केशप्रसाधनाचे, म्हणजे फणीने केस विंचरण्याचे, गुण सांगताना धूळ, जंतू व मल दूर होणे हा लाभ नोंदविला आहे. यूकाचिकित्सेत फणी हे उपकरण आहे, ही गोष्ट आपण व्यवहारात विसरलो आहोत. तेलाला आपण मुख्य औषध मानतो व विंचरणे घरच्यांच्या मर्जीवर सोडतो. आमच्या मते अपयशाचे मूळ येथे आहे.

मृजावर्जन या हेतूचा अर्थ

बाह्यमलज कृमींचा हेतू म्हणून ग्रंथांत मृजावर्जन सांगितले आहे. याचा अर्थ केवळ अस्वच्छता असा करून मातेला दोष देणे योग्य नव्हे. मृज् या धातूत पुसणे, घासणे, साफ करणे हे अर्थ आहेत. रोज केस विंचरून निरीक्षण करणे ही देखील मृजाच होय. आजच्या ज्ञानानुसार ऊ उडत नाही, उडीही मारीत नाही. एका डोक्याचा दुसऱ्या डोक्याला स्पर्श झाला असता ती सरपटत जाते. वर्गात डोके जोडून बसणाऱ्या, वसतिगृहात शेजारी शेजारी झोपणाऱ्या बालकांत ती त्यामुळे सहज पसरते. रोज न्हाणाऱ्या बालकाच्या केसांतही ती तितक्याच सुखाने राहते. हे मातेस प्रथमच सांगितले, तर ती संकोच सोडून घरातील इतरांचीही माहिती देते, असा आमचा अनुभव आहे.

जीवनक्रम व त्यावरून निघणारा हिशेब

पूर्ण वाढ झालेली ऊ २ ते ३ मिलिमीटर लांब असते व डोक्यावर सुमारे ३० दिवस जगते. मादी रोज साधारणतः ६ ते १० अंडी घालते. प्रत्येक अंडे केसाच्या मुळाशी, टाळूलगत, चिकट द्रव्याने केसाला घट्ट चिकटविलेले असते. अंड्यातून ७ ते १० दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि ते पिल्लू अंडी घालण्यायोग्य होण्यास आणखी सुमारे ९ ते १२ दिवस लागतात. डोक्यापासून दूर पडलेली ऊ रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते.

चिकित्सेचा सर्व क्रम या अंकांतून ठरतो. पहिल्या दिवशी कोणतेही द्रव्य लावले तरी काही अंडी जिवंत राहतातच, कारण कवचातून द्रव्य आत जाणे कठीण असते. ही अंडी पुढील आठ-दहा दिवसांत क्रमाने फुटत राहतात. त्यांतून निघालेली पिल्ले अंडी घालण्याइतकी मोठी होण्यापूर्वीच काढली, तर साखळी तुटते. पहिल्या उपचाराने खाज कमी झाली म्हणून थांबले, तर तिसऱ्या आठवड्यात नवी पिढी अंडी घालू लागते. याला लोक ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हणतात. प्रत्यक्षात तेथे औषधाचा गुण तपासलाच गेलेला नसतो. उपक्रम अर्धवट राहिलेला असतो.

याविषयी एक अभ्यास उल्लेखनीय आहे. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनात्मक अभ्यासात ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणीने ठरावीक दिवशी विंचरलेल्या गटात ५७ टक्के बालके उवामुक्त झाली. दुकानात मिळणारे कीटकनाशक औषध एकदा वापरलेल्या गटात हे प्रमाण १३ टक्के होते. घरच्या घरी पालकांनी केलेल्या विंचरण्याचे हे फळ आहे. नीट शिकविले व पाठपुरावा केला, तर त्याहून अधिक यशाची अपेक्षा करता येते.

निदान

केवळ खाजेवरून निदान करू नये. प्रथमच उवा झालेल्या बालकात खाज सुटण्यास चार ते सहा आठवडेही लागू शकतात; उलट, उवा गेल्यावरही काही दिवस खाज राहते. दारुणक, म्हणजे कोंडा, आणि लिखा यांत भेद करणे सोपे आहे. कोंडा बोटाने झटकताच निघतो. लीख केसाच्या एका बाजूस तिरकी चिकटलेली असते व सहज सरकत नाही. कानांमागे व मानेच्या वरच्या भागी विशेष पाहावे.

केवळ लिखा दिसल्या म्हणजे रोग चालू आहे असेही नव्हे. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. टाळूपासून त्याहून दूर असलेली लीख बहुधा रिकामे कवच असते. जिवंत, हलणारी ऊ किंवा पिल्लू दिसणे हेच निश्चित निदान होय. आणि ते पाहण्यासाठी नुसती नजर पुरत नाही, तेल लावून फणी फिरवावी लागते. अशा रीतीने निदानाचे व चिकित्सेचे उपकरण एकच ठरते.

मानेमागील ग्रंथिशोथ, टाळूवरील पूययुक्त पीडिका व खपल्या घेऊन आलेल्या प्रत्येक बालकाचे केस उघडून पाहावेत. नऊ वर्षांच्या एका मुलीस मानेतील गाठींसाठी आमच्याकडे आणले होते. ती निवासी शाळेत राहत होती. गाठींमुळे क्षयाची शंका घेतली गेली होती व आई घाबरली होती. केस दूर करताच कानामागे पूय, खपल्या व असंख्य उवा दिसल्या. आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, तीन बाटल्या तेल झालं. आता केसच कापून टाकते.’’ आम्ही विचारले, ‘‘ताई, फणी किती वेळा फिरवली?’’ ती म्हणाली, ‘‘फणी नाही हो फिरवली. तेलानंच मरतात असं दुकानात सांगितलं.’’ प्रथम निंब व त्रिफळा यांच्या कोमट क्वाथाने टाळू धुऊन, बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पूयासाठी प्रतिजैविक देऊन क्षते भरू दिली. नंतर केवळ खोबरेल तेल लावून चार वेळा अपकर्षण केले. सतराव्या दिवशी केस स्वच्छ होते आणि पुढील महिन्याभरात गाठीही उतरल्या. मुलीची वेणी शाबूत राहिली, याचा तिला झालेला आनंद गाठी गेल्याच्या आनंदाहून मोठा होता.

अपकर्षणाचा विधी

फणी बारीक दातांची हवी. दोन दातांतील अंतर ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावे. घरातील कंगवा येथे निरुपयोगी आहे. धातूची फणी अधिक टिकते. जुन्या घरांतील दोन्ही बाजूंनी दात असलेली लाकडी फणीही दात शाबूत असल्यास चालते.

बालकास भरपूर उजेडात बसवावे. प्रथम साध्या कंगव्याने गुंता सोडवावा. मग टाळूपासून टोकांपर्यंत केस पूर्ण भिजतील इतके तेल लावावे; खांद्याखाली येणाऱ्या केसांस २० ते ३० मिलिलिटर तेल लागते. अर्धा ते एक तास थांबावे. तेलाने ऊ मंदावते व केसावरील तिची पकड सैल पडते, हा तेलाचा खरा उपयोग आहे. नंतर केसांचे लहान भाग पाडून, फणी टाळूला टेकवून थेट टोकापर्यंत ओढावी. प्रत्येक वेळी ती पांढऱ्या कपड्यावर पुसून काय निघाले ते पाहावे. संपूर्ण डोके एकदा झाल्यावर पुन्हा एकदा तसेच करावे. लांब केसांस अर्धा तास लागतो हे आधीच सांगावे. शेवटी शिकेकाईने केस धुवावेत. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेल्यास जळजळ होते, म्हणून बालकांत तो शक्यतो टाळावा.

हा विधी १, ५, ९ व १३ या दिवशी करावा आणि १७ व्या दिवशी तपासणी करावी. रविवारी आरंभ केल्यास पुढील वार गुरुवार, सोमवार व शुक्रवार येतात आणि तपासणी मंगळवारी होते. पहिल्या दिवसानंतर पूर्ण वाढलेली ऊ आढळल्यास ती प्रथम सुटलेली किंवा नव्याने आलेली असते. अशा वेळी त्या दिवसापासून गणना पुन्हा सुरू करावी. घरातील सर्वांचे केस पहिल्याच दिवशी तपासावेत व ज्यांच्या केसांत जिवंत ऊ मिळेल त्या सर्वांचा उपक्रम एकाच दिवशी आरंभावा.

तैलयोग व आभ्यंतर औषधे

साध्या खोबरेल तेलानेही काम होते. आम्ही मोठ्या बालकांत लिंबोळीचे तेल १ भाग, करंज तेल १ भाग व खोबरेल तेल ८ भाग असे मिश्रण वापरतो. प्रथम कानामागे थोडे लावून दुसऱ्या दिवशी दाह अथवा लाली नाही हे पाहावे. दोन वर्षांखालील बालकांत केवळ खोबरेल व फणी यांवरच भागवावे. टाळूवर क्षत असताना लिंबोळी अथवा करंज तेल लावू नये.

उवांसाठी विडंगादी कृमिघ्न कल्प पोटात देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. बाह्य कृमींस बहिःपरिमार्जन हाच मार्ग आहे. आंत्रगत कृमींची लक्षणे असतील तर त्यांची चिकित्सा स्वतंत्रपणे करावी. उवांसाठी बालकास आभ्यंतर औषध देण्याचे कारण नाही.

वर्ज्य द्रव्ये

सीताफळाच्या बिया : या उवांवर परिणामकारक आहेत यात शंका नाही, परंतु पूड किंवा तिचे पाणी डोळ्यांत गेल्यास कृष्णमंडलावर तीव्र दाह व व्रण होतात. असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे येत असल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांतील वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ओल्या केसांवरून ओघळणारे द्रव्य बालकाच्या डोळ्यांत जाणार नाही याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. म्हणून ही पूड देऊ नये व विकूही नये. कोणी वापरून डोळे लाल झालेले आले, तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

रॉकेल : चूल, दिवा वा उदबत्तीजवळ पेट घेऊन गंभीर दग्ध होते, घोटभर पोटात गेल्यास फुप्फुसांस शोथ होतो. ढेकणांचे किंवा गोचिडांचे विषारी औषधही टाळूतून शोषले जाते व बालकास विषबाधा होते.

धत्तूर व पारद : संग्रहग्रंथांत यूकांसाठी यांचे लेप आले आहेत. दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची ई (१) मधील विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. खाजवून क्षत झालेल्या बालकाच्या टाळूवर त्यांचा उपयोग करणे आज समर्थनीय नाही.

कापूर : खोबरेल तेलात कापूर घालण्याची घरोघर सवय आहे. लहान बालकाच्या पोटात गेल्यास किंवा मोठ्या प्रमाणात त्वचेतून शोषला गेल्यास कापराने आक्षेप येतात.

लिंबोळीचे तेल : बाह्य उपयोगास योग्य, परंतु लहान बालकांना पाजल्याने वमन, तंद्रा, आक्षेप व यकृताचे गंभीर उपद्रव झाल्याच्या नोंदी आहेत. बाटली बालकाच्या हाती लागू देऊ नये.

आधुनिक औषधांपैकी १ टक्का पर्मेथ्रिन प्रचलित आहे. तेही अंड्यांचा पूर्ण नाश करीत नाही, म्हणून सुमारे नऊ दिवसांनी पुन्हा लावावे लागते. शिवाय अनेक देशांत उवा त्यास दाद देत नाहीत. त्या रुग्णांतही फणी सुटत नाही. लिंडेन मज्जासंस्थेस घातक असून २००९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. बालकांसाठी त्याचा विचार करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

उवांच्या तेलाची बाटली मागणारे बहुतेक लोक वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतात. त्यामुळे अपकर्षणाची माहिती देणारी पहिली व्यक्ती आपणच असता. बाटली देताना तीन प्रश्न विचारावेत : बालकाचे वय काय, टाळूवर जखम वा पू आहे का आणि घरी बारीक फणी आहे का. जखम, पू, ज्वर किंवा मानेत गाठ असल्यास तेल न देता वैद्याकडे पाठवावे. पुढे चेहऱ्यावर सूज किंवा गडद लघवी दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे, कारण त्वचेतील जंतुसंसर्गानंतर वृक्कशोथ होऊ शकतो.

वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी तेल तयार करू शकतो. परंतु परवान्याशिवाय तयार केलेले सुटे तेल बाटल्यांत भरून दुकानात विकणे कायद्यास धरून नाही. परवानाधारक उत्पादकाच्या बाटलीवर ‘केवळ बाह्य उपयोगासाठी’ ही सूचना आहे याची खात्री करावी. बाटलीशेजारी फणी ठेवावी व पुढील मजकुराचे छोटे पत्रक छापून द्यावे :

१. घरातील सर्वांचे केस आजच तपासा.
२. तेल भरपूर लावा, एक तासाने बारीक फणीने दोनदा विंचरा.
३. आज पहिला दिवस. पाचव्या, नवव्या व तेराव्या दिवशी पुन्हा तसेच करा. (तारखा दुकानदाराने लिहून द्याव्यात.)
४. सतराव्या दिवशी तपासा. जिवंत ऊ नसल्यास थांबा. रिकाम्या लिखा राहिल्या तरी काळजी नको.
५. फणी, रिबिनी, टोपी, उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुवा. घरात कीटकनाशक फवारू नका.
६. रॉकेल, सीताफळाच्या बिया, ढेकणांचे औषध वापरू नका. तेल डोळ्यांत व पोटात जाऊ देऊ नका.

तारखा हाताने लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. कालक्रम पाळला जावा यासाठी त्याहून स्वस्त साधन आम्हांस माहीत नाही.

शाळा व वसतिगृहे

एका बालकाचा उपचार करून वर्गातील साखळी तुटत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला असून त्याच्या फिरत्या पथकांत आयुष पदवीधर वैद्यकीय अधिकारी असतात. आपले अनेक सहकारी त्यांत काम करतात. शालेय तपासणीच्या वेळी केसांत फणी फिरविणे व वसतिगृहातील अधीक्षिकांना वरील चार दिवसांचा क्रम शिकविणे त्यांना सहज शक्य आहे. एका खोलीतील सर्व मुलींनी एकाच दिवशी एकमेकींचे केस विंचरले, तर खर्च फक्त तेलाचा व फण्यांचा येतो.

उवा आहेत म्हणून बालकास घरी पाठविण्याची किंवा वर्गात वेगळे बसविण्याची प्रथा काही शाळांत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही केवळ उवांसाठी निरोगी बालकाची शाळा बुडू नये, अशीच भूमिका घेतली आहे. ऊ दिसते तेव्हा ती बहुधा कित्येक आठवडे तेथे असतेच. एक दिवस घरी पाठवून काही साधत नाही, मात्र त्या बालकाच्या मनाला लागते. मुख्याध्यापकांशी याविषयी बोलणे हेही वैद्याचे कर्तव्य आहे. मुंडन अथवा केस कापणे ही चिकित्सा नव्हे. सतरा दिवस देण्याची तयारी नसल्याची ती कबुली आहे.

सारांश, यूकाचिकित्सेत तेल सहायक, फणी प्रधान आणि कालगणना निर्णायक होय. व्यवसायी बंधुभगिनींनी पुढील तिमाहीत येणाऱ्या अशा प्रत्येक बालकाच्या पत्रकावर चार तारखा लिहाव्यात, सतराव्या दिवसाची नोंद ठेवावी आणि किती बालके उवामुक्त झाली हे या नियतकालिकाकडे कळवावे. अशा नोंदी एकत्र झाल्यास या साध्या उपक्रमाचे मोल आपणांस स्वतःच्या आकड्यांनी सांगता येईल.